आतड्याच्या मूलपेशींसाठी चोवीस तासांचा उपास करू का?

पत्राचा सारांश : नाशिकहून एका शिक्षिका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४३. त्यांच्या वडिलांना ५४व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, पण ते वाचले नाहीत. दिवाळीनंतर ताईंनी एक व्हिडिओ पाहिला. चोवीस तास पोट रिकामं ठेवलं की आतड्यातल्या मूलपेशी (स्टेम सेल्स, म्हणजे ज्यांच्यापासून नव्या पेशी तयार होतात त्या) जाग्या होतात, जुनं अस्तर जाऊन नवं येतं, आणि या शोधाला नोबेल मिळालं आहे, असं त्यात सांगितलं होतं. तेव्हापासून त्या दर आठवड्याला एक दिवस फक्त पाण्यावर राहतात. मधुमेहाच्या गोळ्या घेणारे यजमानही त्यांच्यासोबत उपास करतात. एकादशी आणि संकष्टी पूर्वीपासून आहेतच. ‘मूलपेशींचं पोषण करणारी’ एक महागडी पावडरही सुरू आहे. आता जाऊबाईंनी उलटी बातमी पाठवली : उपास सोडून जेवलं की आतड्यात गाठी होतात. ताई विचारतात, ‘उपास केला तरी भीती, सोडला तरी भीती. मी नक्की काय खाऊ म्हणजे माझ्या मूलपेशी नीट राहतील?’ पत्राच्या शेवटी दोन गोष्टी आहेत. घरात तळण फार व्हायचं म्हणून आई अजून स्वतःला दोष देते. आणि ३९ वर्षांच्या धाकट्या भावाला मूळव्याध आहे, अधूनमधून रक्त पडतं. त्यालाही हा उपास सांगू का?

ताई,

उत्तराआधी दोन कामं सांगते, ती आजच करा.

यजमानांचा चोवीस तासांचा उपास थांबवा. त्यांच्या गोळ्या कुठल्या ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात अन्न नसलं तरी साखर खाली ओढतच राहते. साखर फार उतरली की घाम फुटतो, हातपाय थरथरतात, भोवळ येते, कधी शुद्धही हरपते. मधुमेह असलेल्यांनी उपास करूच नये असं माझं म्हणणं नाही. गोळ्यांची वेळ आणि मात्रा डॉक्टरांकडून बदलून घेतल्याशिवाय मात्र करू नये.

दुसरं काम भावाचं. तुम्ही ते जाता जाता लिहिलंत, पण मला अख्ख्या पत्रात तीच ओळ सर्वांत महत्त्वाची वाटली. ज्याच्या वडिलांना ५४व्या वर्षी आतड्याचा कर्करोग झाला, त्याला शौचावाटे रक्त जात असेल तर ते मूळव्याधीचंच आहे असं तपासल्याशिवाय कुणी ठरवू नये, त्यानं स्वतःही नाही. बहुतेकदा ते मूळव्याधीचंच निघतं. पण एकाच माणसाला मूळव्याध आणि आत वर कुठेतरी गाठ, दोन्ही असू शकतं, आणि मग वर्षानुवर्षं मलमं लावण्यात वेळ निघून जातो. त्याला उपास सांगू नका. पोटविकारतज्ज्ञांची वेळ घेऊन द्या, आणि तिथे गेल्यावर पहिल्याच वाक्यात वडिलांचा आजार आणि त्यांचं तेव्हाचं वय सांगायला सांगा. हे कळल्यावर डॉक्टर बहुधा कोलोनोस्कोपीच, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी, सांगतील.

आता तुमचा प्रश्न.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. आतड्यातून काढलेले तांदळाच्या कणीएवढे तुकडे रंगवून काचेवर येतात आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली वाचणं हे माझं रोजचं काम. म्हणून ‘मूलपेशी जाग्या होतात’ हे वाक्य मला पहिल्यांदा खटकतं. त्या झोपलेल्याच नसतात. निरोगी लहान आतड्याच्या काचेवर वरच्या बाजूला बोटांसारखे उंचवटे दिसतात, त्यांना व्हिलाय म्हणतात. अन्नरस शोषायचं काम त्यांच्याकडे. दोन उंचवट्यांच्या मुळाशी खोल खळगे असतात, त्यांना क्रिप्ट म्हणतात. खळग्याच्या अगदी तळाशी पॅनेथ पेशी ओळखू येतात, कारण त्यांच्यात लालसर गुलाबी दाणे ठासून भरलेले असतात. या दाणेदार पेशींच्या फटीत अंग चोरून उभ्या असलेल्या सडपातळ पेशी म्हणजे आतड्याच्या मूलपेशी. रोजच्या रंगात त्या सहज उठून दिसत नाहीत, पण त्यांच्या कामाच्या खुणा दिसतात. खळग्याच्या भिंतीत जागोजाग पेशी दुभंगताना सापडतात. नव्या पेशी वर सरकत सरकत उंचवट्याच्या टोकाला पोचतात आणि तिथून गळून पडतात. हा सगळा प्रवास तीन ते पाच दिवसांचा. म्हणजे जुनं अस्तर जाऊन नवं येणं हे तुमच्या आतड्यात याही आठवड्यात झालंच आहे, तुम्ही उपास केला असो वा नसो.

या पेशींची पक्की ओळख पटून फार वर्षं झालेली नाहीत. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेनं २००७ साली एलजीआर-५ नावाच्या खुणेवरून त्या दाखवून दिल्या. दोन वर्षांनी त्याच प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी अशा एका पेशीपासून बशीत आतड्याची छोटी प्रतिकृती वाढवली, खळगे आणि उंचवटे यांच्यासह. ‘अमुक खाल्लं तर आतड्याच्या मूलपेशींचं काय होतं’ हा प्रश्न प्रयोगानं विचारता येऊ लागला तो यानंतर. त्यामुळे तुमच्यापर्यंत पोचलेल्या दोन्ही बातम्या खऱ्या संशोधनातून आल्या आहेत. फक्त वाटेत त्यांचा निम्मा भाग गळून पडला आहे.

तो भाग सांगायच्या आधी तुमच्या प्रश्नात दडलेलं एक गृहीत बाहेर काढते. मूलपेशी जितक्या जोरात काम करतील तितकं आतडं निरोगी, असं तुम्ही धरून चालला आहात. व्हिडिओवालेही तेच धरून चालतात. माझ्या टेबलावरच्या काचा मात्र वेगळं सांगतात. सिलिॲक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे होणाऱ्या आजाराची काच बघा. वरचे उंचवटे झिजून सपाट झालेले असतात, कधी कधी पार नाहीसे. खाली खळगे मात्र लांब, खोल झालेले, आणि दुभंगणाऱ्या पेशी नेहमीपेक्षा किती तरी जास्त. मोडतोड इतकी सतत चालू असते की ती भरून काढायला तळाच्या पेशी रात्रंदिवस राबत असतात, तरी वर टिकणारं अस्तर तयार होत नाही. गहू, जव आणि राय (गव्हासारखं एक परदेशी धान्य) पूर्ण बंद केले की उंचवटे हळूहळू परत उभे राहतात. मोठ्या माणसांत त्याला बरेच महिने, कधी वर्षंही लागतात. आणि अस्तर सुधारतं तसतशी खालची धावपळ कमी होते. सर्वांत जास्त लगबग मला आजारी आतड्यात दिसते. निरोगी आतड्यात मूलपेशी गरजेपुरतं काम करतात. तरव्यात रोपं दाटली म्हणजे खाचरात पीक उभं राहिलं असं होत नाही, तसंच हे आहे.

(सिलिॲकचा विषय निघालाच आहे तर इतर वाचकांसाठी : शंका असेल तर रक्ततपासणी होईपर्यंत गहू सोडू नका. आधीच सोडला तर तपासणी खोटी निर्दोष येऊ शकते.)

आता उपासाचे प्रयोग. त्यांतले बरेच अमेरिकेत केंब्रिज इथे, ओमेर यिल्माझ आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर केले. २०१२ साली त्यांना दिसलं, की उंदरांना बराच काळ कमी खायला दिलं तर पॅनेथ पेशींना ती टंचाई जाणवते. मग त्यांच्या इशाऱ्यानं शेजारच्या मूलपेशी वाढतात. पण त्याच उंदरांत शोषण करणाऱ्या पेशी कमी झाल्या आणि उंचवटे आखूड झाले. टंचाईच्या काळात शरीर रोजचं काम आवरतं घेऊन राखीव सांभाळतं, असा मी त्याचा अर्थ लावते. २०१८ साली त्यांनी चोवीस तासांचा उपास तपासला. उपाशी उंदरांच्या मूलपेशी साखरेऐवजी चरबी जाळू लागल्या, आणि बशीत वाढवून पाहिल्यावर त्यांची नवं अस्तर घडवायची ताकद वाढलेली दिसली, म्हाताऱ्या उंदरांतही. तुमच्या व्हिडिओचा उगम बहुधा इथे आहे.

मग २०२४ साली याच मंडळींनी पुढचा प्रश्न विचारला : उपास सुटल्यावर काय होतं? तेव्हा कळलं की मूलपेशी सर्वांत वेगानं दुभंगतात त्या उपासात नव्हे, तर पुन्हा खायला लागल्यावर, पहिल्या चोवीस तासांत. जेवण आलं की पेशींमध्ये प्रथिनं बनवायला लागणारी पॉलिअमाइन नावाची द्रव्यं वाढतात आणि रखडलेलं सगळं बांधकाम एकदम सुरू होतं. शास्त्रज्ञांनी काही उंदरांत नेमक्या या काळात कर्करोगाला आवर घालणारं एक जनुक मुद्दाम बंद पाडलं. या उंदरांत गाठी जास्त झाल्या. उपाशी असताना तेच जनुक बंद केलेल्या उंदरांत त्या कमी होत्या. जाऊबाईंची बातमी ही. ‘उपास सोडून जेवलं की गाठ होते’ असं त्यात नाही. जनुक बिघडायची वेळ आणि पेशी वेगानं दुभंगायची वेळ एक झाली तर गाठीला संधी मिळते, एवढंच त्यात आहे.

दोन्ही बातम्या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. पेशी झपाट्यानं वाढतात तो काळ जखम भरून यायला चांगला. त्याच काळात एखादी चूक झाली तर तीही झपाट्यानं वाढते. ‘मूलपेशी वाढवा’ असं कुणी सांगितलं की मी थबकते ते यामुळेच.

याच प्रयोगशाळेचं २०१६ सालचं काम वाचल्यावर तर मला याबद्दल शंका उरली नाही. तिथे उंदरांना महिनोन्‌महिने अतिस्निग्ध आहार दिला, साठ टक्के उष्मांक चरबीतून. उंदीर लठ्ठ झाले आणि त्यांच्या मूलपेशी वाढल्या. एरवी ज्यांनी पुढे सरकून साध्या कामकरी पेशी व्हायचं, त्याही मूलपेशींसारख्या वागू लागल्या, आणि गाठी धरायची त्यांची क्षमता वाढली. बघा, कमी खाण्यानंही मूलपेशी वाढल्या आणि तुपातेलानं भरलेल्या आहारानंही वाढल्या. मग मूलपेशींची संख्या आरोग्याची खूण कशी धरायची? बाकी साठ टक्के म्हणजे किती तेही लक्षात घ्या. दोन हजार उष्मांकांच्या जेवणात १३० ग्रॅमहून जास्त चरबी, म्हणजे दिवसाला नऊ-दहा मोठे चमचे तेल. सणावाराच्या दोन पुरणपोळ्यांवरच्या तुपाला हा प्रयोग लावू नका.

उंदीर आणि आपण यांच्यातलं अंतरही मोठं आहे. चोवीस तास उपाशी राहिलेला उंदीर आपल्या वजनाचा दहावा हिस्सा, कधी जास्तही, गमावतो. साठ किलोच्या बाईनं एका दिवसात सहा किलो गमावावेत, असा हा प्रकार. तुमचा एक दिवसाचा उपास आणि उंदराचा एक दिवसाचा उपास सारखा नाही. शिवाय या कामाचा मोठा भाग लहान आतड्यावर झाला आहे. तुमच्या वडिलांचा आजार मोठ्या आतड्याचा होता. तिथे व्हिलाय नसतात, आणि सुरुवातीचा भाग सोडला तर दाणेदार पॅनेथ पेशीही नसतात. माणसाच्या लहान आतड्याचा कर्करोग मुळात दुर्मीळ आहे.

नोबेलबद्दल. २०१६ साली ते जपानचे योशिनोरी ओसुमी यांना मिळालं, पेशी आपल्याच जुन्या भागांची विल्हेवाट कशी लावते याच्या शोधासाठी. त्यांचं पायाभूत काम यीस्टवर झालं. ते फार सुंदर संशोधन आहे, पण कुणी आठवड्याला किती तास उपाशी राहावं याच्याशी त्या पारितोषिकाचा संबंध नाही. आतड्याच्या मूलपेशींशीही नाही.

तर उपास करावा की नाही? आठवड्याचा चोवीस तासांचा पाण्यावरचा उपास तुम्ही सोडून द्यावा असं माझं मत आहे. त्यानं तुमचा आतड्याच्या कर्करोगाचा धोका कमी होतो असा माणसांतला पुरावा नाही. वजन कमी करायला काहींना असे उपास जमतात, पण तुम्ही ते त्यासाठी करत नाही, भीतीपोटी करता. आणि भीतीपोटी केलेल्या उपासाचा त्रास असा, की तो केल्यावर आपण काहीतरी केलं असं वाटतं आणि खरी तपासणी मागे पडते. लवकर जेवून सकाळपर्यंत बारा तास पोटाला विश्रांती देणं तुम्हाला मानवत असेल तर खुशाल करा. आपल्या आजीपणजींची वहिवाट तीच होती. ज्यांचं वजन आधीच कमी आहे, ज्या गरोदर आहेत किंवा अंगावर पाजतात, ज्यांना इन्सुलिन चालू आहे किंवा खाण्याशी ज्यांचं नातं पूर्वी बिघडलेलं आहे, त्यांनी लांब उपासांच्या वाटेला जाऊ नये.

एकादशी आणि संकष्टी तुम्ही श्रद्धेनं करता. त्या करा. त्यांना औषध करू नका, म्हणजे झालं. फक्त त्या दिवसाचं ताट जरा बघा. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, तंतू नाहीत, प्रथिनं नाहीत. त्याच्याऐवजी वरईचा भात, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, उकडलेलं रताळं, ताक असं ठेवलंत तर उपासही पाळला जातो आणि पोटालाही काही मिळतं. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही. दुसऱ्या दिवशीचं पारणं मऊ, बेताचं ठेवायची जुनी पद्धतही शहाणपणाची आहे. त्यासाठी उंदरांच्या प्रयोगाचा आधार घ्यायची गरज नाही.

मूलपेशींचं आणि रोजच्या जेवणाचं सर्वांत जवळचं नातं मला दिसतं ते मोठ्या आतड्यात, आणि ते तंतूंमधून जुळतं. ज्वारी-बाजरीतले, डाळी-कडधान्यांतले, भाज्यांतले तंतू आपल्याला पचत नाहीत. ते मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. वरच्या थरातल्या पेशी प्रामुख्यानं त्याच्यावर जगतात, तेच त्यांचं मुख्य इंधन. अमेरिकेत सेंट लुइसच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं, की हेच ब्युटिरेट थेट मूलपेशींपर्यंत पोचलं तर ते त्यांना दुभंगू देत नाही. पण निरोगी आतड्यात ते तिथवर पोचतच नाही, वरच्या पेशी ते आधीच वापरून टाकतात. मूलपेशी खळग्याच्या तळाशी का असतात याचं एक उत्तर या प्रयोगानं दिलं. आपण खातो त्याचा मारा थेट त्यांच्यावर होऊ नये, अशी ही रचना आहे. मूलपेशींना काय खायला घालू, असं तुम्ही विचारता. तुम्ही वरच्या पेशींना आणि जिवाणूंना नीट खायला घाला. खालच्यांना त्या सांभाळतात.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळं सांगते. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण १० ग्रॅम तंतू असतात, म्हणजे दोन मध्यम भाकऱ्यांत. त्यासोबत वाटीभर मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, एक पालेभाजी, एक फळभाजी, एखादं सालासकट खाण्याजोगं फळ, आणि आकडा गाठला गेला. शिजवून गार झालेल्या भातात आणि बटाट्यात न पचणारा स्टार्च वाढतो, तोही जिवाणूंना चालतो. सकाळचा फोडणीचा भात म्हणूनच मला आवडतो, फक्त रात्रीचा भात फ्रिजमध्ये ठेवलेला असावा. सवय नसेल तर हे सगळं एकदम वाढवू नका, पोट फुगेल आणि दोष भाकरीला जाईल. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा आणि पाणी वाढवा.

आणि इथे माणसांवरचा एक चांगला पुरावा आहे. लिंच सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक दोषात आतड्याचा कर्करोग घराण्यात चालत येतो. अशा नऊशेहून अधिक लोकांवर इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या पुढाकारानं एक मोठी चाचणी झाली. त्यांतल्या निम्म्यांना रोज ३० ग्रॅम न पचणारा स्टार्च साधारण दोन वर्षं दिला आणि पुढे बरीच वर्षं सगळ्यांवर लक्ष ठेवलं. २०२२ साली निष्कर्ष आले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात फरक पडला नाही. जठर, लहान आतडं, स्वादुपिंड अशा इतर ठिकाणचे कर्करोग मात्र बरेच कमी झाले. मी मुद्दाम दोन्ही निष्कर्ष सांगते आहे, कारण कुणीतरी तुम्हाला यातला एकच पाठवील.

पावडर बंद करा. अशा पावडरींत बहुधा ग्लुटामिन आणि जीवनसत्त्वांचं मिश्रण असतं. ग्लुटामिन आतड्याच्या पेशींना लागतं हे खरं, पण ते शरीर स्वतः बनवतं आणि डाळ-दुधातूनही मिळतं. २०२५ साली सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाबद्दल बातमी आली : सिस्टीन जास्त असलेला आहार दिलेल्या उंदरांचं लहान आतडं किरणोत्सर्गाच्या इजेनंतर चांगलं भरून आलं. केमो-रेडिएशन घेणाऱ्यांसाठी त्यातून पुढे काही निघालं तर मला मनापासून आनंद होईल. पण उद्या त्याचीही डबी बाजारात येईल, आणि सिस्टीन आपल्या डाळी, शेंगदाणे, दूध, अंडी यांत आहेच.

जास्त म्हणजे चांगलं, हे इथे किती फसवं आहे त्याचं उदाहरण फॉलिक आम्ल. पेशी दुभंगायला डीएनएची नक्कल लागते आणि त्यासाठी फॉलिक आम्ल आणि बी-१२ हवंच. दोन्हींपैकी कशाचीही कमतरता झाली तर रक्ताप्रमाणे आतड्याचं अस्तरही बिघडतं. म्हणून अमेरिका आणि कॅनडात, ज्यांच्या आतड्यातून पूर्वी पॉलिप म्हणजे छोट्या गाठी काढल्या होत्या अशा हजाराहून अधिक लोकांना रोज एक मिलिग्रॅम फॉलिक आम्ल देऊन पाहिलं. निष्कर्ष २००७ साली आले. नव्या गाठी कमी झाल्या नाहीत. उलट काहींमध्ये गाठींची संख्या वाढल्याकडे कल दिसला. कमतरता असेल तर गोळी जरूर घ्या, नसेल तर पालेभाजी पुरे. बी-१२ मात्र तपासून घ्या. तुम्ही शाकाहारी असाल तर तुमचं, आणि यजमानांना मेटफॉर्मिन चालू असेल तर त्यांचंही, कारण त्या गोळीनं बी-१२ शोषलं जाणं कमी होतं.

बाकी ज्याचा मोठ्या आतड्याशी पक्का संबंध आहे ते थोडक्यात. टिकवलेलं, धुरी दिलेलं मांस : सॉसेज, सलामी, बेकन, गोव्याकडचं चोरीस. रोज ५० ग्रॅम खाण्यानं धोका साधारण १८ टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ साली मांडलं. त्याशिवाय दारू, तंबाखू आणि वाढलेलं पोट. आणि रोज भरभर चालणं, जे धोका खरोखर कमी करतं.

आईंबद्दल. त्यांना तुमच्या तोंडून हे ऐकू द्या, की बाबांचा आजार तळणीनं झाला असं कुणालाही म्हणता येणार नाही. मोठ्या आतड्याच्या मूलपेशी आयुष्यभर दुभंगत राहतात आणि प्रत्येक नक्कल करताना चूक व्हायची शक्यता असते. बऱ्याच चुका निव्वळ योगायोगानं होतात, काही वारशानं येतात, आणि आहाराचा वाटा त्यात मिसळलेला असतो. एका माणसाच्या बाबतीत तो वेगळा काढून दाखवणं आम्हालाही जमत नाही. ५४ हे वय तसं लवकरचं आहे. तेव्हा वारशाचा विचार तळणीच्या आधी करायला हवा.

म्हणूनच तुमची स्वतःची तपासणी. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला साठीच्या आत हा आजार झाला असेल, तर चाळिसाव्या वर्षी किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाआधी दहा वर्षं, यांतलं जे आधी येईल तेव्हा पहिली कोलोनोस्कोपी करावी आणि पुढे साधारण दर पाच वर्षांनी. तुमच्या बाबतीत ते वय चाळीस होतं. आपल्याकडे या आजारासाठी सरकारी चाळणी-तपासणी नाही, त्यामुळे बोलावणं येणार नाही, आपणच जायचं. आदल्या दिवशी पातळ आहार आणि पोट साफ करायचं द्रावण, हाच सगळ्यात कंटाळवाणा भाग. तपासणी बहुधा गुंगी देऊन करतात. पॉलिप दिसलाच तर बहुतेक वेळा तिथल्या तिथे काढतात. अशा पॉलिपचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, म्हणजे आजार होण्याआधीच तो थांबवता येतो. हे कुठल्याही उपासाला जमत नाही.

जाताना बाबांची जुनी फाइल न्या. बायोप्सीच्या अहवालात ‘मिसमॅच रिपेअर’ किंवा ‘एमएमआर’ (डीएनएच्या नकलेतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा) अशी तपासणी केल्याची नोंद आहे का ते डॉक्टरांना बघायला सांगा; लिंच सिंड्रोमचा माग त्यातून लागतो. घराण्यात कुणाला गर्भाशयाचा कर्करोग झाला होता का, हेही आईंना आणि आत्यांना विचारून लिहून न्या. तपासणी केलेली नसेल तरी वाट बंद झालेली नाही. ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या भागाचे तुकडे मेणाच्या छोट्या ठोकळ्यांत जपून ठेवलेले असतात, आम्ही त्यांना ब्लॉक म्हणतो. रुग्णालयं ते बरीच वर्षं सांभाळतात आणि कुटुंबीयांनी अर्ज केला तर देतातही. अहवालावरचा बायोप्सी क्रमांक अर्जात लिहायचा. ब्लॉक मिळाला तर त्याच्यावर ही तपासणी आजही होऊ शकते. मुंबईत टाटा मेमोरियलला घराण्यात चालत येणाऱ्या कर्करोगांसाठी जनुक-सल्ला मिळतो. ब्लॉकच्या तपासणीत दोष निघाला तर तुम्ही आणि भाऊ, दोघांनीही तिथे जा. तो दोष वारशानं तुमच्यात आल्याचं तिथे दिसलं, तर कोलोनोस्कोपी पाच वर्षांनी नाही, वर्षा-दोन वर्षांनी करावी लागेल.